लाखोरी: ताटात किती, पाण्यात किती वेळ?

गोंदिया–बल्लारशा गाडीने जानेवारीत सौंदडकडे येताना खिडकीतून बाहेर पाहा. धान कापून झालेला असतो, बांध्यांमध्ये नुसते धसकट उरलेले असते, आणि त्या धसकटातून हिरवीगार वेल वर आलेली असते. तिला लहान लहान निळी फुले लागलेली दिसतात. ना नांगरणी, ना खत, ना पाण्याची पाळी. हीच आपली लाखोरी. कुणी लाखोळी म्हणते, कुणी नुसती लाख.

फाल्गुनाच्या सुमारास ही लाखोरी घरात येते आणि तिच्यासोबत दरवर्षीचा जुना प्रश्नही येतो. सासूबाई म्हणतात, "आम्ही जन्मभर खाल्ली, काही झालं नाही." शहरातून आलेला मुलगा म्हणतो, "आई, ही डाळ विषारी आहे. पाय जातात." दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, पण दोघांकडेही अर्धीच गोष्ट असते. लाखोरीत मज्जातंतूंना इजा करणारे द्रव्य आहे, हे खरे आहे. पूर्व विदर्भातल्या असंख्य घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली आणि ती माणसे धडधाकट राहिली, हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते समजले की स्वयंपाकघरात नेमके काय करायचे तेही आपोआप कळते.

गरिबाच्या शेतातले पीक

लाखोरीचे शास्त्रीय नाव लॅथायरस सॅटायव्हस. उत्तर भारतात तिला खेसारी म्हणतात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये तिवडा. आपल्याकडे ती उतेरा पद्धतीने घेतात. धान कापणीला दोन आठवडे उरलेले असताना, बांधीत ओल असते तेव्हाच, उभ्या धानात बी फेकून देतात. धान कापला जातो तोवर बी रुजलेले असते. जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर पीक निघून येते.

हे पीक इतके चिवट आहे की सुरुवातीला बांधीत पाणी साचले तरी तग धरते आणि पुढे पाणी तुटले तरीही तग धरते. शेंगवर्गातले असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत साठवतात. त्याचा फायदा पुढच्या धानाला होतो. कोवळ्या शेंड्यांची भाजी, दाण्यांची डाळ आणि उरलेले कुटार जनावरांना, असे त्यातले काहीच वाया जात नाही.

अन्न म्हणूनही तिचे मोल मोठे आहे. लाखोरीच्या दाण्यात पाव भागाहून अधिक प्रथिने असतात. तुरीपेक्षा ती जास्तच भरतात. भात हेच मुख्य अन्न असलेल्या आपल्या भागात घरच्या शेतातून, जवळपास फुकटात मिळणारी ही प्रथिने आहेत. म्हणून "विषारी आहे, फेकून द्या" असे सांगून विषय संपत नाही. ज्या घरात तूर डाळ महिन्यातून मोजक्या वेळाच शिजते, तिथे लाखोरी बंद केली तर ताटात तिची जागा घ्यायला काय येणार, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

मग पाय का जायचे?

दाण्यात एक अमिनो आम्ल असते. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे, शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अदिगा आणि सर्मा या संशोधकांनी ते लाखोरीच्या बियांमधून वेगळे काढले.

आपल्या मेंदूत आणि मणक्यात एक पेशी दुसऱ्या पेशीला निरोप देते तो ग्लुटामेट नावाच्या द्रव्याच्या साहाय्याने. ओडॅप हे ग्लुटामेटसारखेच दिसते. पेशीच्या कुलपात ही खोटी किल्ली बसते आणि पेशी गरजेपेक्षा जास्त, पुन्हा पुन्हा उत्तेजित होत राहते. असे महिनोन्‌महिने चालले की पायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या मज्जापेशी थकून मरू लागतात. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. म्हणूनच या आजारात गेलेली ताकद परत येत नाही.

या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. हे नाव १८७३ मध्ये इटलीतल्या नेपल्सचे वैद्य कांतानी यांनी दिले. आजार मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्रिपुट नावाच्या कडधान्याने माणूस लंगडा होतो, असे सांगितलेले आहे. हे त्रिपुट म्हणजेच लाखोरी, असे मानले जाते.

आजाराचे रूप ठरलेले आहे. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात, चालताना गुडघे वाकलेलेच राहतात आणि माणूस चवड्यांवर चालू लागतो. पुढे एक पाय दुसऱ्यापुढे कात्रीसारखा येतो. मग एक काठी लागते, नंतर दोन, आणि शेवटी काहींना हातांवर सरकत जावे लागते. बुद्धी शाबूत असते, हात बहुधा चांगले असतात, पायांना स्पर्शही कळतो, फक्त चालता येत नाही. कष्टाच्या वयातले तरुण पुरुष याला अधिक बळी पडतात, असे जगभर दिसले आहे.

दुष्काळाने केलेली शिकार

हा आजार कुठे कुठे आला ते पाहिले की एक धागा दिसतो.

आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला. १८३० मध्ये पाऊस कमी पडला आणि १८३१ मध्ये पिकावर रोग पडला. तीन वर्षे गव्हाने दगा दिला, पण तिवडा मात्र आपोआप उगवत राहिला. लोकांनी तोच खाल्ला. १८३३ पासून त्या गावांतल्या तरुणांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी हे स्वतः पाहून आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

रीवा भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेठबिगार मजुरांना मजुरीपोटी तिवडा किंवा तिवडा मिसळलेले धान्य मिळे. मालकाच्या घरी गहू शिजे, मजुराच्या घरी तिवड्याच्या भाकरी. लुळे पडलेले पाय मजुरांच्या घरात होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, आजच्या युक्रेनमधल्या वाप्निआर्का छावणीत ज्यू कैद्यांना याच दाण्याचे अन्न दिले गेले. काही आठवड्यांतच कैद्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांच्यातलेच एक डॉक्टर आर्थर केस्लर यांनी कारण ओळखले.

सागर, रीवा, वाप्निआर्का. तिन्ही ठिकाणी लोकांनी लाखोरी आवडीने खाल्लेली नव्हती. तिच्यावाचून दुसरे काही नव्हते. आज तज्ज्ञ ढोबळमानाने असे सांगतात की रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोरीचा असेल आणि असे सलग दोन-तीन महिने किंवा जास्त चालले, तर धोका खरा होतो. भाताबरोबर वाटीभर वरण किंवा सणाला केलेले वडे ही गोष्ट वेगळी. सासूबाईंना "काही झालं नाही" ते यामुळेच. त्यांच्या ताटात लाखोरीबरोबर भात होता, भाजी होती, धुऱ्यावरची तूर होती.

बंदी आणि तिच्यानंतर

१९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोरीच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद आली. महाराष्ट्राने ती लागू केली. पिकवणे मात्र थांबले नाही. आपल्या भागातले शेतकरी ती पेरत राहिले, खात राहिले आणि आडबाजूने विकत राहिले. चोरून विकायच्या मालाला भाव मिळत नाही. त्यामुळे नुकसान शेतकऱ्याचे झाले आणि ही डाळ दुसऱ्या डाळींत, बेसनात मिसळून खपवणाऱ्यांचे फावले.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यातली बंदी उठवली. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत मात्र विक्रीवरचा निर्बंध पुन्हा आला. कमी ओडॅपचे वाण आल्यावर ही बंदी राहावी की जावी, याची चर्चा राष्ट्रीय पातळीवर झाली. आपल्यापुरता प्रश्न इतकाच, की घरच्या शेतातली लाखोरी घरच्या चुलीवर कशी शिजवायची.

त्याबाबत आपल्या जिल्ह्याविषयी एक दिलासा देणारी नोंद आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यातल्या पाच गावांत १०५ घरांची पाहणी केली, २६५ प्रौढांना तपासले आणि घराघरातले लाखोरीचे नमुने प्रयोगशाळेत नेले. २०१४ मध्ये हे निष्कर्ष 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाले. आहारातली लाखोरी पूर्वीपेक्षा कमी झाली आहे आणि तिचा धोकाही कमी झाला आहे, असा त्यांचा सूर आहे.

यामागचे एक कारण आपण रोज पाहतो. रेशनचे धान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. घरात तांदूळ असला की नुसत्या लाखोरीवर दिवस काढावे लागत नाहीत. पण धान्य मिळाले तरी डाळ विकतच घ्यावी लागते. तुरीचे भाव चढतात त्या वर्षी लाखोरीचा वाटा ताटात हळूच वाढतो. म्हणून सावध राहायचे ते अशाच वर्षी.

चुलीपाशी काय करायचे

निसर्गाने एक सोय ठेवली आहे. ओडॅप पाण्यात विरघळते. म्हणून डाळ कोणत्या पाण्यात भिजवली, किती वेळ भिजवली आणि ते पाणी कुठे गेले, यावर बरेच काही ठरते.

पहिली पायरी. डाळ निवडून दोन-तीन पाण्यांनी चांगली धुवा.

दुसरी पायरी. डाळीच्या चार-पाच पट पाणी उकळा. उकळते पाणी डाळीवर ओता, वर झाकण ठेवा आणि निदान दोन-तीन तास तसेच राहू द्या. रात्री भिजत घालून सकाळपर्यंत ठेवली तर आणखी चांगले. गार पाण्यापेक्षा गरम पाणी हे द्रव्य लवकर बाहेर काढते. पाणी भरपूर हवे. डाळ जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात भिजवली, तर सुटलेले द्रव्य तिथेच राहते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. ते पाणी फेकून द्या. पुष्कळ घरांत भिजवणीचे पाणी "सत्त्व जाईल" म्हणून त्याच भांड्यात डाळीबरोबर शिजवतात. इतर डाळींसाठी ती सवय चांगली आहे, लाखोरीसाठी नाही. या पाण्याचे कढण करू नका. आजारी माणसाला किंवा लहान मुलाला ते मुळीच देऊ नका. पाणी काढल्यावर डाळ पुन्हा एकदा धुवून मग नव्या पाण्यात शिजवा. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, हे खरे आहे. ती पालेभाजीतून आणि इतर डाळींतून भरून काढता येतात.

कुकरच्या शिट्ट्यांवर विसंबू नका. बंद भांड्यात शिजलेली डाळ मऊ होते, पण त्यातून बाहेर पडलेले द्रव्य वरणाच्या पाण्यातच राहते आणि तेच पाणी आपण पितो.

मोड आणले की विष जाते, असेही कुणी सांगते. ते मानू नका. कोवळ्या रोपातही ओडॅप असते.

वडे, धोप्याच्या वड्या आणि पीठ

लाखोरीचे वडे आणि धोप्याच्या पानांच्या वड्या आपल्या भागात आवडीने खातात. भिजवलेल्या डाळीचे वडे करताना वरचीच रीत पाळायची. गरम पाण्यात भिजवा, पाणी काढून टाका, धुवा आणि मग वाटा. वाटताना भिजवणीचेच पाणी परत घालू नका.

पिठाची गोष्ट थोडी वेगळी. डाळ धुता येते, पीठ धुता येत नाही. थेट गिरणीतून आणलेल्या लाखोरीच्या पिठात जेवढे द्रव्य होते तेवढे तसेच राहते. म्हणून वर्षाचे पीठ करायचे असेल तर डाळ आधी गरम पाण्यात भिजवा, पाणी काढा, धुवा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच दळायला न्या. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे काम सहज होते. नीट वाळली नाही तर बुरशी लागते, म्हणून दाताखाली कट्ट आवाज येईपर्यंत वाळवा. दळताना त्यात चण्याची डाळ निम्मी मिसळा. पीठ चवीलाही बरे लागते आणि लाखोरीचा वाटा निम्म्यावर येतो.

ताट कसे असावे

लाखोरीच्या प्रथिनांत गंधक असलेली अमिनो आम्ले कमी असतात. ती तांदूळ, ज्वारी, गहू यांत तुलनेने जास्त असतात. म्हणजे भात आणि डाळ ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. इथिओपियातही लाखोरी मोठ्या प्रमाणावर खातात. तिथे दुष्काळानंतर झालेल्या अभ्यासात असे दिसले की जिथे लाखोरीत पुरेसे धान्य मिसळले जात होते तिथे आजार कमी होता. उकडलेले, भाजलेले आणि हिरवे कच्चे दाणे भरपूर खाणाऱ्यांत धोका जास्त होता. आंबवलेल्या किंवा पातळ कालवणाच्या रूपात खाणाऱ्यांत तसा धोका दिसला नाही.

आपल्यासाठी यातून पुढील गोष्टी निघतात.

डाळ मिसळून शिजवा. दोन वाट्या तूर किंवा चणाडाळ आणि एक वाटी भिजवून पाणी काढलेली लाखोरी, असे प्रमाण ठेवा. चव राहते, खर्चही वाचतो.

सलग रोज खाऊ नका. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. घरात लाखोरीची पोती भरलेली असली तरी ती वर्षभर पुरवून खायची, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत संपवायची नाही.

वरणात लसूण, कांदा, टोमॅटो, चिंच घाला. सोबत हिरवी भाजी ठेवा, जमेल तेव्हा लिंबू पिळा. ज्यांच्या जेवणात भाज्या आणि आंबट पदार्थ असतात त्यांचे शरीर अशा द्रव्यांचा मारा अधिक चांगला सोसते, असा अनुभव आहे.

कोवळ्या शेंड्यांची भाजी हंगामात खुशाल करा, पण रोज नको. चांगली शिजवा. त्याच दिवशी लाखोरीची डाळ आणि लाखोरीची भाजी, दोन्ही ताटात नकोत.

हिरव्या शेंगा सोलून कच्चे दाणे खाण्याची मुलांना भारी हौस असते. चार दाणे खाल्ले म्हणून काही होत नाही, पण शेतात राखणीला बसलेल्या मुलाने मुठी मुठी कच्चे दाणे रोज खाणे बरे नाही. त्याला वाटाण्याच्या शेंगा द्या, चण्याचा हुरडा द्या.

गेल्या काही वर्षांत लाखोरी हृदयाला, रक्तदाबाला औषध आहे, असे संदेश मोबाइलवर फिरतात. तिच्यात काही उपयुक्त घटक आहेत आणि त्यांवर संशोधनही चालू आहे. पण औषध म्हणून रोज वाटीभर लाखोरी खाण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. रक्तदाबाची गोळी तर बंद करूच नका.

बाजारातून डाळ आणताना

लाखोरी उघडपणे विकत घेतली तर आपल्याला ठाऊक असते. अडचण होते ती तूर डाळ किंवा चणाडाळ म्हणून घेतलेल्या मालात ती निघते तेव्हा. आपण ती न भिजवता रोज शिजवतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

मूठभर डाळ पांढऱ्या ताटलीत पसरून उजेडात पाहा. तुरीच्या डाळीची कड गोलसर असते. चण्याची डाळ फुगीर आणि गोल असते. लाखोरीचा दाणा चौकोनी वाटतो आणि एका बाजूला उतरता, पाचरीसारखा, कापल्यागत असतो. एकदा नजर बसली की चुकत नाही. ज्या घरात लाखोरी पिकते तिथली माणसे तर डोळे मिटून बोटांनी ओळखतात.

बेसनात ती मिसळली असेल तर डोळ्यांना ओळखू येत नाही. त्यासाठी आम्लाची तपासणी असते, पण ती प्रयोगशाळेतच होऊ द्या, घरी आम्ल हाताळू नका. त्यापेक्षा चणाडाळ निवडून घेऊन गिरणीत दळून आणावी, हा सोपा उपाय. शंका आली तर नमुना आणि पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

बी कोणते पेरायचे

निम्मे काम स्वयंपाकघरात होते, निम्मे शेतात. जुन्या गावठी वाणांपेक्षा फारच कमी ओडॅप असलेले वाण आता आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'रतन' आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे 'प्रतीक' व 'महातिवडा'. यांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाण कमी विषाचा असला तरी विष शून्य नसते. शेजारच्या बांधीत गावठी लाखोरी असेल तर मधमाश्यांमुळे थोडे परपरागीकरण होऊ शकते, आणि बी घरचेच वर्षानुवर्षे वापरले तर वाणाची शुद्धता घसरते. म्हणून तीन-चार वर्षांनी बी बदलावे. पिकाला ऐन वाढीत पाण्याचा फार ताण बसला तर दाण्यातले ओडॅप वाढते, असेही आढळले आहे. त्यामुळे कोरड्या वर्षी भिजवण्याच्या बाबतीत जास्त कडक राहा. सुधारित बियाण्यासाठी साकोली किंवा हिवरा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करावी.

जनावरांबाबतही हाच नियम. कुटार चालते, पण नुसते दाणे किंवा नुसती लाखोरीची चुनी रोज देऊ नये. घोड्यांना हे फार बाधते. तिवडा फार खाल्लेल्या घोड्यांचे आणि बैलांचेही पाय जातात, असा लोकांचा समज असल्याचे स्लीमन यांनी लिहून ठेवले आहे.

हे दिसले तर थांबा

घरात लाखोरी नियमित खाल्ली जात असेल आणि कुणाला रात्री पोटऱ्यांत वारंवार गोळे येत असतील, पाय ताठ किंवा जड वाटत असतील, सपाट रस्त्यावर ठेचा लागत असतील, उकिडवे बसून उठताना त्रास होत असेल, तर दोन कामे त्याच दिवशी करा. लाखोरी पूर्ण बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. गरज पडल्यास गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पुढची तपासणी होऊ शकते. डॉक्टरांना "आम्ही लाखोरी खातो, इतक्या दिवसांपासून, इतक्या प्रमाणात" हे आपणहून सांगा. तरुण डॉक्टरांनी हा आजार कदाचित पुस्तकातच वाचलेला असेल.

पाय जड होण्याची इतरही अनेक कारणे असतात. मणक्याचा दाब, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह. त्यांपैकी काहींवर चांगला उपचार आहे. म्हणून "लाखोरी लागली" असे घरीच ठरवून अंगारे-धुपारे किंवा मालिश करत बसू नका. लॅथिरिझममध्ये ताठरपणा कमी करणारी औषधे आणि व्यायाम यांनी थोडा आराम मिळतो, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. वेळेवर थांबले तर निदान आजार पुढे सरकत नाही.

यंदाही फाल्गुनात लाखोरी घरात येईल. ती सुपात पाखडायला घ्याल तेव्हा चुलीवर पाण्याचे पातेले आधी चढवा. डाळ भिजली की ते पाणी मोरीत ओता. आणि ताटात लाखोरीच्या वरणाशेजारी भात, भाजी आणि दुसरी एखादी डाळ आहे की नाही, एवढे पाहून घ्या.